चावी घेण्याआधी

सिव्हिलच्या पोराला नातेवाईकांत एक कायमची ड्यूटी असते. कुणी फ्लॅट घेतला की फोन ठरलेला, "अरे, ताबा मिळतोय, जरा येऊन बघून जा." आपण जातो, भिंतीवर टकटक करतो, मान डोलावतो आणि पेढा खाऊन परततो. मित्रहो, त्या टकटकीतही शास्त्र आहे. कॉम्प्युटर, मेकॅनिकलवाल्यांनीही ते शिकून घ्यावे. पुढेमागे कर्ज काढून घर घेणार तुम्हीही आहातच!

गेल्या वर्षी माझ्या मामाने पुण्यात फ्लॅट घेतला. ताब्याच्या दिवशी साइटवरच्या माणसाने पावती पुढे केली. तिच्यात एक वाक्य होते, "सदनिका तपासली, कोणतीही तक्रार नाही." मामाने पेन काढलेसुद्धा. इकडे घरभाडे चालू, तिकडे बँकेचा हप्ता चालू, त्यामुळे घाई असणारच. मी म्हटलं, "मामा, थांब जरा. आधी बाथरूममध्ये पाणी भरू."

ही तळ्याची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची. नहाणीचे तोंड प्लॅस्टिक आणि फडक्याने घट्ट बंद करायचे, दारात चिखलाचा छोटा बांध घालायचा आणि इंचभर पाणी भरून २४ तास ठेवायचे. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचे. आम्ही गेलो तर पाइपाभोवती ताटाएवढी ओल! "नवीन बांधकामात थोडी ओल असतेच," हे उत्तर मिळाले. असते, पण ती अशी पाइपाला धरून रात्रीत उमटत नाही. पाइप स्लॅबमधून जातो तिथला सांधा नीट भरलेला नसला, की पाणी तीच वाट धरते. रिकाम्या घरात फरशी उकरून हे काम होऊन जाते. राहायला गेल्यावर तेच काम म्हणजे महिनाभराची कटकट, वर खालच्या शेजाऱ्याशी भांडण. मामाचा ताबा तीन आठवडे लांबला. तो माझ्यावर थोडा चिडलाही, पण सही केली ती दुरुस्तीनंतरच.

बाकीच्या गोष्टी खिशातल्या सामानाने होतात. टाइल्सवर नाण्याने ठोका. पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही. दार अर्धे उघडून सोडा. आपोआप फिरले, तर चौकट ओळंब्यात नाही. प्रत्येक नहाणीत बादलीभर पाणी ओता, कारण सिमेंटचे खरकटे पाइपातच राहिलेले असते. बीम आणि भिंत मिळतात तिथली आडवी बारीक रेघ बहुधा प्लॅस्टरची असते. कॉलम-बीमवरची तिरकी, रुंद भेग मात्र जाणकाराला दाखवा.

विजेत एक गंमत आहे. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबल्यावर स्विच पडला, की लोक खूश होतात. पण ते बटण आतल्या आतच गळती घडवते. घरात अर्थिंग नसले तरी स्विच पडणारच! त्यामुळे प्रत्येक प्लगचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून वेगळे तपासून घ्या.

टेपने मोजताना कार्पेट एरिया कमी भरला म्हणून लगेच भांडू नका. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंतींची जाडी धरतात, बाल्कनी धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे ६०० चौरस फुटांना १८. एरिया कमी भरला तर त्याचे पैसे परत मागता येतात.

कागदांत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओ.सी., आधी बघा. ते आले नसताना "फर्निचर करून घ्या" म्हणून दिलेल्या चावीला ताबा समजू नका. रेरा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तरीही "तक्रार नाही" या वाक्याखाली सही करून मग भांडणे अवघडच. ते वाक्य खोडायला सांगा. दोषांची यादी खोलीवार लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर त्यांची सही-शिक्का तारखेसह घ्या. तोंडी "करून देतो" धरू नका.

आणि जायचे ते दिवसाउजेडी. जमलं तर चांगला पाऊस पडून गेल्यावर जा. खिडक्यांच्या खालचे कोपरे तेव्हाच खरे बोलतात.