नाथसागरातलं सगळ्यात लहान वल्हं

आज पैठणला, नाथसागरावर जाऊ. मच्छीमाराची होडी बघा. वल्हं पाण्यात घालून मागे ओढायचं, हवेत उचलून पुढे आणायचं. हात थांबला तरी होडी जराशी सरकतेच.

आता त्याच पाण्यातला रोहू माशाचा शुक्राणू घ्या. पाण्यात पडला की जागा होतो, आणि साधारण मिनिटभरात त्याचा दम संपतो. तेवढ्या वेळात अंड्यावरचं एकुलतं एक बारीक छिद्र गाठायचं! त्यात, इतक्या लहान जिवाला पाणी म्हणजे घट्ट काकवीच. शेपटी थांबली की तो तिथल्या तिथे थांबतो. सरकणं वगैरे काही नाही.

वल्हं वर उचलायची सोयही नाही. समजा शेपटी ताठ काडीसारखी असती, तर? जाताना जेवढं पुढे, येताना तेवढंच मागे. हळू नेली आणि जोरात आणली तरी बेरीज शून्य! एडवर्ड पर्सेल यांनी एका व्याख्यानात हेच शिंपल्याचं उदाहरण देऊन सांगितलं होतं.

मग सुटका कशात? वाकण्यात. लवचिक धागा एका टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवला की दुसरं टोक मागे रेंगाळतं, धागा तिरका होतो. आता मधात एक सुई उभी सोडा, एक आडवी. उभी लवकर बुडते, कारण बारीक धाग्याला आडवा विरोध उभ्याच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणून तिरक्या धाग्यावरचा जोर सरळ मागे न लागता थोडा पुढेही वळतो. परतीच्या फेरीत दिशा उलटते, पण वाकही उलटतो. उणे गुणिले उणे, अधिक! म्हणजे दोन्ही फेऱ्यांत ढकललं जातं पुढेच.

पण धागा फार मऊ असेल तर फक्त बुडखा हलतो, बाकीचं ओझं नुसतं ओढायचं. ताठ नको, लुळाही नको. नेमका किती लवचिक हवा, हे लांबी, जाडी, द्रवाचा घट्टपणा आणि हलवण्याचा वेग यांवर ठरतं.

शुक्राणू यातून छान वाट काढतो. त्याच्या शेपटीत बुडख्यापासून जवळजवळ टोकापर्यंत डायनिन नावाच्या प्रथिनाच्या इवल्या मोटारी असतात, त्यामुळे लाट वाटेत विझत नाही. २००५ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी चुंबकीय मण्यांची माळ डीएनएने ओवून तांबड्या रक्तपेशीला शेपटीसारखी जोडली. तिच्यात मोटार नव्हती. बाहेरून चुंबकीय क्षेत्र हलवलं, माळ वाकली, आणि पेशी पोहायला लागली.