टॉर ब्राउझर
टॉर ब्राउझर हा आंतरजालावर वापरकर्त्याची ओळख झाकणारा, फायरफॉक्सवर आधारित मुक्त न्याहाळक आहे. त्यातील संदेशांवर कूटलेखनाचे थर चढवून ते सामान्यतः ३ मध्यस्थ संगणकांमार्फत पाठवले जातात. पहिल्या मध्यस्थाला प्रेषक कळतो, तर शेवटच्याला इच्छित संकेतस्थळ. दोन्ही टोके कोणा एकालाच ठाऊक नसतात. या पद्धतीचा पाया १९९०च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत घातला गेला.

स्थापना आणि मांडणी
टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून संच उतरवून घेतल्यावर त्याची अंकीय स्वाक्षरी पडताळणे इष्ट असते. न्याहाळक उघडून 'कनेक्ट' ही कळ दाबली की जोडणी होते. टॉर अडवलेले असल्यास मांडणीत 'ब्रिज' निवडावा लागतो. सुरक्षेच्या ३ पातळ्या असून सर्वोच्च पातळीवर जावास्क्रिप्ट बंद राहते.

मर्यादा
केवळ स्थापनेने अनामिकता लाभत नाही. संगणकावरील इतर प्रणालींची वाहतूक टॉरमधून जात नाही. एचटीटीपीएस नसलेल्या संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण शेवटच्या मध्यस्थाला वाचता येते. स्वतःच्या नावाच्या खात्यात प्रवेश केल्यास त्या संकेतस्थळापुरती ओळख उघड होतेच.