रेडिओ प्रक्षेपकातील शक्तिवर्धकाची जुळणी व कार्यक्षमता

प्रस्तावना :
मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेल्या नभोवाणी केंद्राचा प्रक्षेपक अवघ्या १.५ किलोवॅटचा होता. पुढे १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूर येथील १,००० किलोवॅटच्या मध्यमलहरी प्रक्षेपकावरून सुरू झाली. ही वाहिनी २०१९ मध्ये बंद झाली. कामरगावसारख्या ग्रामीण भागातील श्रोत्यापर्यंत रात्री आवाज पोहोचविण्यासाठी एवढी शक्ती लागत असेल, तर तिच्यासाठी खर्च होणाऱ्या विजेचा विचार अपरिहार्य ठरतो. प्रस्तुत लेखात शक्तिवर्धकाच्या जुळणीमागील तत्त्व स्पष्ट केले आहे.

कार्यक्षमतेचा अर्थ :
शक्तिवर्धकास पुरविलेल्या विजेपैकी जेवढी शक्ती अँटेनाकडे जाते, ते गुणोत्तर म्हणजे कार्यक्षमता. उरलेली शक्ती उष्णता बनते. सैद्धांतिकदृष्ट्या क्लास-ए वर्धकाची कमाल कार्यक्षमता ५० टक्के, तर क्लास-बीची ७८.५ टक्के असते. क्लास-सीमध्ये निर्वात नलिका आवर्तनाच्या निम्म्याहून कमी काळ प्रवाह वाहते. त्यामुळे कार्यक्षमता आणखी वाढते.

जुळणीचे तत्त्व :
नलिकेतील उष्णता ही प्लेटवरील दाब व प्रवाह यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. वेटोळे व धारित्र यांचे मंडल अनुनादात असेल, तर प्लेटवरील दाब किमान असतानाच प्रवाह वाहतो. अनुनाद ढळला की दाब जास्त असतानाही प्रवाह वाहू लागतो आणि नलिका तापते. म्हणूनच धारित्र फिरवून प्लेट-प्रवाह किमान करतात.

तथापि, प्रवाह किमान झाला म्हणजे जुळणी पूर्ण झाली, असे नव्हे. भार फार हलका असल्यास प्रवाह पुष्कळ घटतो, परंतु अँटेनाकडेही थोडीच शक्ती जाते. टेट्रोड नलिकेत स्क्रीन-ग्रिडचा प्रवाह धोकादायक रीतीने वाढतो. भार फार जड असल्यास दाबाचा झोका अपुरा राहतो. याकरिता प्रथम कमी शक्तीवर अनुनाद साधणे, भार थोडा वाढविणे, पुन्हा अनुनाद साधणे, हा क्रम विहित प्रवाह मिळेपर्यंत चालतो.

उदाहरणार्थ, १०,००० व्होल्ट व १.४ अँपिअरवर १० किलोवॅट शक्ती मिळाल्यास कार्यक्षमता ७१ टक्के व उष्णता ४ किलोवॅट होते. अनुनाद ढळून १.८ अँपिअरवर ९ किलोवॅटच मिळाल्यास कार्यक्षमता ५० टक्क्यांवर येते आणि उष्णता ९ किलोवॅट, म्हणजे दुपटीहून अधिक होते. शक्ती केवळ एक दशांशाने घटली, तरी नलिकेच्या आयुष्यावर होणारा परिणाम गंभीर असतो.

पुढील विकास :
विल्यम डोहर्टी यांची १९३६ मधील रचना व सोकल यांनी १९७५ मध्ये मांडलेला क्लास-ई वर्धक हे महत्त्वाचे टप्पे होत. क्लास-ईमध्ये स्विचवरील दाब शून्यावर आल्यानंतरच स्विच बंद होऊन प्रवाह सुरू होतो. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले.

निष्कर्ष :
१,००० किलोवॅट प्रक्षेपणासाठी ६० टक्के कार्यक्षमतेस सुमारे १,६६७ किलोवॅट, तर ८५ टक्क्यांस १,१७६ किलोवॅट वीज लागते. दहा तासांत हा फरक सुमारे ४,९०० युनिटांचा होतो. म्हणून केवळ प्रवाहमापकाच्या काट्यावर विसंबून न राहता, दिलेली व मिळालेली शक्ती एकत्र मोजूनच जुळणी करणे आवश्यक ठरते.