शालार्थची किल्ली कोणाच्या हाती?

अनुदानित शाळेत शिक्षकाची नेमणूक झाली, तो वर्गावर शिकवू लागला, तरी त्याचा पगार लगेच सुरू होत नाही. त्यासाठी शालार्थ क्रमांक मिळावा लागतो. शालार्थ ही राज्यातील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची वेतनदेयके तयार करणारी संगणक प्रणाली. या क्रमांकाच्या प्रतीक्षेत अनेकांनी दीर्घकाळ बिनपगारी नोकरी केली आहे. मात्र, हाच क्रमांक नागपूर विभागात खोट्या कागदपत्रांच्या आधारे अपात्रांना देण्यात आला, असा आरोप आहे. त्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये विभागाच्या शिक्षण उपसंचालकांना अटक झाली आणि त्याच वर्षी राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. पण एवढे टप्पे असताना असे घडू तरी कसे शकते, हा प्रश्न उरतोच.

टप्पे खरोखरच बरेच आहेत. नेमणूक शाळा चालविणारी संस्था करते. शिक्षणाधिकारी तिला वैयक्तिक मान्यता देतात. मग शालार्थ क्रमांकाचा प्रस्ताव उपसंचालक कार्यालयाकडे जातो. क्रमांक मिळाल्यावर मुख्याध्यापक आपल्या लॉगिनमधून दरमहा देयक तयार करतात, वेतन पथकाचे अधीक्षक ते तपासतात आणि त्यानंतर ते कोषागारात जाते. देयक तयार करणाऱ्याने ते स्वतःच मंजूर करू नये, हे यामागील साधे तत्त्व आहे. जुन्या कागदी कारभारातही लिपिकाची टिपणी आणि साहेबांची सही वेगळी असे, ती याचसाठी.

संगणक मात्र सही ओळखत नाही, तो फक्त पासवर्ड ओळखतो. आणि कार्यालयांत पासवर्डचे काय होते, हे सर्वज्ञात आहे. साहेबांना संगणक जमत नाही, म्हणून तो लिपिकाकडे असतो. लिपिक रजेवर गेला की ऑपरेटरकडे जातो. अधिकाऱ्याची बदली झाली तरी जुने लॉगिन चालूच राहते. असे झाले की नोंद करणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा हे तिघे प्रत्यक्षात एकाच खुर्चीत येऊन बसतात. प्रणालीच्या दप्तरी मात्र तीन स्वतंत्र मंजुऱ्या दिसतात!

यात तारखेलाही मोठे मोल आहे. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरतीवर निर्बंध आले. त्यामुळे त्याआधीची तारीख घातलेली मान्यता बंदीतून सुटते आणि मागील अनेक वर्षांच्या थकबाकीचा दावाही उभा करते. अशी मान्यता पकडण्याचा मार्ग जुनाच आहे. आदेशावरील जावक क्रमांक शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जावक नोंदवहीशी ताडून पाहायचा. प्रणाली हे काम आपोआप करीत नाही. मंजुरीपूर्वी अधिकाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी पाठविणे आणि बदलीच्या दिवशीच लॉगिन बंद करणे यांस फारसा खर्चही येत नाही. मात्र, ओटीपीही फोनवरून लिपिकाला सांगितला जाणार असेल, तर काय उपयोग?

घोटाळा उघडकीस आल्यानंतर २०१२ पासून नेमलेल्या शिक्षकांची कागदपत्रे प्रणालीवर नव्याने चढविण्याचे आदेश २०२५ मध्ये निघाले. ज्यांची नेमणूक निर्विवाद आहे, त्यांनाही नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि मान्यतेचे पत्र शोधून स्कॅन करणे भाग पडले. मान्यतेची मूळ फाइल मात्र शिक्षकाच्या घरी नसते, ती कार्यालयाच्या कपाटात असते.