गुंगीचे इंजेक्शन देताना पेशंटजवळ कोण असते?

६ मे १९५३ ची संध्याकाळ. गुहागर तालुक्यातील पालशेत गावच्या पुळणीवर वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. जवळपास एकच स्थानिक डॉक्टर. त्यांनी लाकडी फळ्या बांधून पाय हलू नये एवढी व्यवस्था केली. दोन दिवसांनी मुलाला मोटारीने सुमारे दोनशे मैल दूर पुण्याला नेण्यात आले. ९ मेच्या पहाटे, अडीचच्या आधीच, तो तिथल्या एका खाजगी रुग्णालयात दाखल झाला.

तेथील डॉक्टरांनी आपल्या सहायकाला मॉर्फिया व हायोसीनची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने द्यायला सांगितली. दिले गेले एकच. क्ष-किरण फोटो काढून मुलाला ऑपरेशन थिएटरमध्ये नेले आणि तासाभराने, साडेपाचच्या सुमारास, पायाला प्लास्टर घालून खोलीत आणले. सातपर्यंत गुंगी उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला निघून गेले. आई मात्र मुलाजवळ थांबली. साडेसहाला मुलाला श्वास घेताना त्रास होतो आहे, खोकला येतो आहे, हे तिच्या ध्यानात आले. मग धावपळ झाली, उपचार झाले. रात्री नऊ वाजता मुलगा गेला.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २ मे १९६८ रोजी लागलेला ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ हा निकाल वैद्यकीय हलगर्जीपणाच्या खटल्यांत आजही सांगितला जातो. योग्य ती भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर भागवून, जोर लावून हाड ओढले गेले आणि त्या धक्क्याने मृत्यू आला, असा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष होता. तो सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. नुकसानभरपाई किती? तीन हजार रुपये.

वाचक बंधू-भगिनींनो, या मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. तरीही मुलाच्या उशाशी त्या पहाटे जागी होती ती आईच. मग वाडीतून एस.टी.ने पेशंट घेऊन येणाऱ्या आपल्या माणसांनी केवढे सावध राहिले पाहिजे!

गुंगी आणि भूल यांत फरक आहे, तो आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. हलक्या गुंगीत माणूस पेंगतो, पण हाक मारली की उत्तर देतो. औषध वाढले की हाक ऐकू येत नाही, हलवले तरच जाग येते. त्याही पुढे पूर्ण भूल, जिथे श्वासाची काळजी डॉक्टरांनाच घ्यावी लागते. या पायऱ्यांमध्ये पक्की भिंत नाही. एकाला पेंग आणणारा डोस दुसऱ्याचा श्वास मंद करू शकतो. म्हातारे, लहान मुले, दम्याचे पेशंट, झोपेत मोठ्याने घोरणारे, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे आजारी यांच्या बाबतीत तर अधिकच. आणि उलट बाजू पालशेतच्या मुलाची. डोळे मिटलेले आहेत म्हणजे शरीराला वेदना पोचत नाही, असे मुळीच नाही.

म्हणून तपासणी किंवा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आपल्या कामात असताना, पेशंटचा श्वास, नाडी आणि रक्तदाब पाहणारा दुसरा प्रशिक्षित माणूस तिथे हवा. एकाच माणसाचे डोळे दोन ठिकाणी राहत नाहीत. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र २०२० च्या कोरोनात आपण सर्वांनी पाहिले. नखाला रंग असेल तर ते चुकू शकते. काळ्या-सावळ्या कातडीवर ते कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही आता सिद्ध झालेले आहे. (यंत्रालासुद्धा रंग दिसतो म्हणायचे!) शिवाय नाकाला ऑक्सिजनची नळी असली तर श्वास मंदावूनही आकडा बराच वेळ चांगला राहतो. छाती वर-खाली होते आहे का, हे माणसानेच पाहावे लागते.

मॉर्फियाच्या जातीच्या औषधांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, मिडाझोलाम व डायझेपामवर फ्लुमाझेनिल. हल्ली पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलवर उतारा नाही. उतारा दिला तरी त्याचा असर औषधाच्या आधीच संपू शकतो, त्यामुळे पेशंट बोलू लागला म्हणून लगेच उठवून घरी नेण्याची घाई करू नये.

आता आपल्या बाजूच्या चुका. मागे आमच्या वाडीतील एका काकींना दुर्बिणीने पोट तपासायला घेऊन गेलो होतो. रांगेत बसल्यावर हळूच म्हणाल्या, “सकाळी येवढीशी पेज घेतलीय. तिनं काय व्हतंय?” मी नर्सबाईंना सांगितले आणि तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली. काकी परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलल्या नाहीत. दोघांचे एस.टी.चे भाडे गेले, त्यांच्या मुलाची मजुरी बुडाली. त्यांचा राग मला समजतो. पण गुंगीत घशाची राखण ढिली पडते, पोटातले वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्याने माणूस दगावतो. साधारणपणे हलक्या जेवणानंतर सहा तास, मटण वा तेलकट खाल्ले असेल तर त्याहून जास्त, अंगावरच्या दुधानंतर चार तास, साध्या पाण्यानंतर दोन तास अंतर ठेवतात. पेज जेवणातच मोजायची. नेमके तास डॉक्टर सांगतील तेच पाळावेत. चूक झालीच तर सांगून टाकावी.

दुसरी गोष्ट दारूची, आणि ती लिहिताना संकोच वाटतो. विहारात दर रविवारी पंचशील ग्रहण करणाऱ्या माणसाला बायकोसमोर, शेजाऱ्यासमोर “मी रोज घेतो” असे म्हणणे जड जाते. डॉक्टर विचारतात आणि तो मान हलवून नाही म्हणतो. रोज पिणाऱ्याला नेहमीचा डोस कमी पडू शकतो. नुकतीच प्यालेली असेल तर तोच डोस श्वास बंद पाडू शकतो. झोपेच्या गोळीचे आणि तंबाखूचेही लपवू नये. डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे असे पेशंटने सांगावे, आणि घरच्यांनीही त्या वेळी मुकाट बाहेर जाऊन उभे राहावे.

याच पाचव्या शीलामुळे एका वयस्क उपासिकेने गुंगीचे औषध घ्यायचे नाकारले होते. माझ्या समजुतीप्रमाणे ते शील मद्याच्या नशेने येणाऱ्या बेसावधपणाविरुद्ध आहे, औषधाविरुद्ध नाही. आजारी भिक्खूची शुश्रूषा भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने केली. त्यांच्या धम्मात औषध वर्ज्य कसे असेल?

सही करण्यापूर्वी फॉर्म वाचून दाखवायला सांगावे. अंगठा उमटवणाऱ्याने तर आग्रहच धरावा. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सज्ञान पेशंट भुलेत असताना, जिवाला तातडीचा धोका नसेल तर, आईची संमती घेऊन जास्तीची शस्त्रक्रिया करता येत नाही. सही करतानाच विचारावे : भूल कोण देणार, श्वासावर लक्ष कोण ठेवणार, ऑक्सिजन तयार आहे का. हे भांडण नव्हे. चांगले डॉक्टर याची उत्तरे आनंदाने देतात. नोकरीत मी पाहतो, बिल पास करण्यापूर्वी साहेबसुद्धा दोनदा विचारतात.

मुलाचे वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर करून घ्यावे, कारण डोस किलोवर ठरतो. कवळी, हलणारे दात, आधीच्या भुलेत झालेला त्रास, चालू गोळ्यांची पाकिटे, सगळे दाखवावे. घरी नेताना बरोबर एक जाणता माणूस हवा. पुढचे २४ तास पेशंटने गाडी चालवू नये, कोयता वा विळी धरू नये, कसल्याही कागदावर सही करू नये, आणि पहिल्या रात्री त्याच्याजवळ कोणीतरी जागे असावे. काकींच्या तपासणीनंतर त्यांच्या सुनेने तेच केले. पहाटे चारला काकींनी उठून चहा मागितला.