युनियन पार्कमधील नलिनीबाई

चेंबूर म्हटले की चित्रपटरसिकाला आठवतो तो राज कपूरचा आर. के. स्टुडिओ. २०१७ साली त्याला आग लागली, २०१९मध्ये जागाही विकली गेली. नाव मात्र लोकांच्या तोंडी कायम आहे. पण ह्याच उपनगरात, युनियन पार्कमधल्या बंगल्यात, एक नामांकित मराठी तारका अनेक वर्षे राहत होती, हे किती चेंबूरकरांना ठाऊक आहे? मी इथलाच रहिवासी. कॉलेजात मराठी शिकवतो. वर्गात नलिनी जयवंत हे नाव घेतले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. त्यांना दोष कसा द्यावा? २०१०च्या डिसेंबरात, वयाच्या ८४व्या वर्षी नलिनीबाई वारल्या, तेव्हा वृत्तपत्रांतूनही गाजली ती त्यांच्या एकाकी अखेरीचीच हकीकत.

त्यांचा जन्म १९२६ सालचा, मुंबईतला. शोभना समर्थ ही त्यांची आतेबहीण. म्हणजे नूतन-तनुजांशीही नाते जवळचेच. १९४१ साली, जेमतेम पंधराव्या वर्षी, वीरेंद्र देसाई ह्यांच्या ‘राधिका’मधून त्या पडद्यावर आल्या. त्याच वर्षी मेहबूबखानांच्या ‘बहन’मध्ये त्यांनी शेख मुख्तारच्या बहिणीची भूमिका केली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीच्या चित्रपटांत त्या स्वतः गायल्याही. पुढे देसाई ह्यांच्याशी विवाह झाला, तो टिकला नाही. मधली काही वर्षे पडद्यावरून जवळजवळ पुसली गेली. दुसरी एखादी इथेच संपली असती.

परंतु १९४८च्या ‘अनोखा प्यार’ने त्यांना पुन्हा उभे केले. १९५०मध्ये ‘समाधी’ आणि ‘संग्राम’ लागोपाठ आले. दोहोंतही नायक अशोककुमार. आणि आझाद हिंद सेनेची पार्श्वभूमी लाभलेला ‘समाधी’ तर सी. रामचंद्रांच्या चालींसह देशभर दुमदुमला. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या ‘राही’त चहामळ्यातली मजूर मुलगी, ‘शिकस्त’मध्ये दिलीपकुमारसमोर उभी राहिलेली करारी विधवा: नुसते देखणेपण ह्या भूमिकांना पुरले नसते.

त्यांच्या अभिनयाचा कळस मला दिसतो तो १९५८च्या ‘काला पानी’त. नायिका मधुबाला, नलिनीबाईंकडे आली ती किशोरी नावाच्या गाणारणीची दुय्यम भूमिका. निरपराध बापाच्या सुटकेचा पुरावा तिच्यापाशी आहे म्हणून नायक देव आनंद तिच्याशी प्रेमाचे सोंग करतो. तिला ते खरे वाटते. फसवली जाणारी ही बाई हास्यास्पद होऊ न देता तिच्याविषयी आदर निर्माण करणे, हे सोपे काम नव्हे. त्या भूमिकेला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

त्यानंतर कामे विरळ झाली, आणि १९६५नंतर तर जवळजवळ थांबलीच. योगायोग पाहा: १९५४च्या ‘नास्तिक’ची नायिका १९८३च्या त्याच नावाच्या दुसऱ्या चित्रपटात आई म्हणून दिसली! २००१मध्ये दुसरे पती, अभिनेते प्रभू दयाल निवर्तले आणि नलिनीबाईंनी दार मिटून घेतले.

फ्रान्सच्या ब्रिजित बार्दोने १९७३ साली चाळिशीच्या आत चित्रपट सोडला, तेव्हा तो तिचा स्वभाव ठरला. आपल्याकडची नटी घरात बसली की आपण तिची कीव करतो! एकटेपणाचे दुःख त्यांना असेलही. ते मोजणारे आपण कोण? आपल्यापाशी आहे ते त्यांचे काम. वाचकहो, ह्या दिवाळीत एक संध्याकाळ ‘काला पानी’साठी राखून ठेवा. मधुबालेकडे जरूर पाहा. पण किशोरी पडद्यावर आली की नजर हलवू नका.