दाह शमतो तो एका पदार्थाने नव्हे, रोजच्या ताटाने

मधुमेह, हृदयविकार, फॅटी लिव्हर यांविषयी बोलताना हल्ली ‘इन्फ्लमेशन’चा, म्हणजे दाहाचा, विषय हमखास निघतो. पाठोपाठ याद्या येतात: अमुक पदार्थ दाह वाढवतो, तमुक शमवतो. आहार आणि दाह यांचे नाते खरे आहे, पण ते या याद्यांमध्ये सापडत नाही. मुळात दाह म्हणजे आजार, हाच पहिला गैरसमज. बोट कापले की ते लाल होते, सुजते, ठणकते. ती रोगप्रतिकारशक्तीची कामगिरी असते, तिच्याशिवाय जखम भरत नाही आणि काम झाले की ती थांबते. जुनाट आजारांना हातभार लावणारा दाह निराळा असतो. तो मंद असतो, दुखत नाही, ताप आणत नाही आणि वर्षानुवर्षे चालू राहतो.

या मंद दाहाचा एक मोठा उगम पोटात, आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीत आहे. चरबी म्हणजे जास्तीच्या उष्मांकांचे निर्जीव कोठार, असे पूर्वी मानले जाई. 1993 मध्ये अमेरिकेतील संशोधकांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू तयार होताना आढळला. तो निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनचे काम सुधारले. पुढे चित्र स्पष्ट होत गेले. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की तिथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि त्यांनी सोडलेले रेणू रक्तात उतरतात. त्यामुळे स्नायू व यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि रक्तातील साखर चढू लागते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत रुतलेले कोलेस्टेरॉल गिळणाऱ्या पेशीही तिथे साचून गाठ बनवतात आणि दाह पेटता ठेवतात. अशी गाठ फुटली की रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

‘मी तर बारीक आहे, मला कसली भीती?’ हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे शेजारी शेजारी मांडली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. त्याची मुळे जन्माआधीच रुजतात. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. आपल्या बाळांत कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबी तितकीशी कमी नव्हती. म्हणून आपल्याकडे वजनाइतकाच कमरेचा घेर महत्त्वाचा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे तो गेला, तर अंगकाठी सडपातळ असली तरी सावध व्हायला हवे.

दाहातून आजार होतात, या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येतो: दाह हे आजाराचे कारण कशावरून, तो निव्वळ परिणामही असू शकेल. त्याचे उत्तर 2017 मध्ये ‘कँटोस’ या चाचणीने दिले. आधी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाहाचा एक मार्ग रोखणारे औषध वापरले गेले. त्याच्या मधल्या मात्रेने पुढचे झटके, पक्षाघात व हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. म्हणजे दाह कारणांच्या साखळीत आहे. पण त्याच औषधाने प्राणघातक जंतुसंसर्ग थोडे वाढले. दोन वर्षांनी दुसऱ्या एका चाचणीत मेथोट्रेक्सेट हे दाहविरोधी औषध देऊनही झटके कमी झाले नाहीत. सरसकट दाह दाबणे हा मार्ग नव्हे. तो पेटवणारे कारण काढायला हवे.

मग हळद? हळदीतील करक्युमिन प्रयोगशाळेतील पेशींवर दाहविरोधी परिणाम दाखवते, हे खरे. पण हळदीत ते ढोबळमानाने 3 टक्केच असते आणि आतड्यातून फार थोडे शोषले जाते. रात्री कपभर हळदीचे दूध पिऊन दिवसभराचे खाणे पुसले जात नाही. ‘खाल्ली तर बिघडले कुठे?’ असे कोणी विचारील. आमटी-भाजीतल्या हळदीने काहीच बिघडत नाही. पण हळदीच्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पोकळ. सीलिॲक (गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा) आजार नसलेल्याने दाहाच्या धास्तीने गहू सोडण्याला आधार नाही. सूर्यफूल-करडईच्या तेलातील ओमेगा-6 मेदाम्लांमुळे निरोगी माणसांच्या रक्तातील दाहाचे निर्देशक वाढतात, असेही चाचण्यांत आढळलेले नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट मात्र खरोखर घातक. भारतात 2022 पासून त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

प्रश्न संपूर्ण ताटाचा आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातील सुमारे 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. ती बहुतांशी पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांची. त्याच पाहणीत नुसते भाताऐवजी पोळी किंवा ज्वारी-नाचणीचे पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी, कडधान्ये, दूध-दही यांतील प्रथिनांना दिला, तेव्हा तो कमी दिसला. म्हणून तिसरी पोळी वाढून घेण्याऐवजी मटकीच्या उसळीची वाटी पुन्हा भरावी आणि चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे घ्यावेत. उसळ-भाजीतील तंतूंपासून आतड्यातील जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात. ती आतड्याचे अस्तर पोसतात आणि दाहाला आवर घालतात. त्याला चालणे, पुरेशी झोप आणि तंबाखूचा त्याग यांची जोड लागतेच.

हे सगळे संथ आहे, म्हणून चमत्काराच्या बाटलीइतके विकले जात नाही. रक्तातील दाह मोजणारी एचएस-सीआरपीची तपासणीही एकटीने निवाडा देत नाही, साध्या सर्दीनेही तो आकडा चढतो. चालू औषधे सोडून ताटावर विसंबणे तर जिवावर बेतू शकते. पण ज्या चरबीतून हा दाह उठतो ती रोजच्या जेवणातून साठते, आणि रोजचे जेवण बदलणे बहुतेक घरांच्या हातात आहे. आरोग्याचा पैसा आणि विश्वास खर्चायचा तर गोळ्या-काढ्यांऐवजी तिथे खर्चावा.